सशाच्या कवटीतलं एक जास्तीचं हाड

आमचे झूलॉजीचे सर कुणाच्याही घरी गेले की दारातच अडकायचे. यजमान "या ना सर, या ना" करत आत वळलेले असायचे आणि सर बाहेर, चपलांच्या घोळक्यासमोर, हात मागे बांधून उभे. मग सावकाश आत येत, खुर्चीत बसत आणि पाण्याचा पेला हातात पडायच्या आधी जाहीर करत, "तुमच्याकडं पावणे आले. म्हातारे आहे, उजव्या पायानं लंगडते, अन् ते कधी जाते याची तुमी वाट पाहून राह्यले."

पाहुणे अर्थातच आतल्या खोलीत असायचे आणि सगळं ऐकत असायचे.

म्हातारपण आणि लंगडणं चपलेच्या झिजेवरून कळत असेल, हे मला पटायचं. पण तिसरी गोष्ट? मी एकदा विचारलंच. सर म्हणाले, "बाकीच्यायच्या चपला सावलीत होत्या, अन् त्यायची एकट्याची उन्हात सरकवेल होती. पायानं सरकवेल. हातानं नाई."

अशा माणसाला घरी कोण बोलावणार? आमच्या प्राचार्यांनी एकदा हौसेनं चहाला बोलावलं. त्या काळी फोनला कुलूप घालायची पद्धत होती. किल्ली उंचावर खिळ्याला अडकवलेली. सरांनी खिळ्याखालच्या भिंतीवरचे छोट्या बोटांचे डाग पाहिले, शेजारच्या स्टुलाकडे पाहिलं आणि चहाचा घोट घेत म्हणाले, "कुलूप चांगलं आहे. पोरायनं किल्ली पण जपून ठेवली." त्या संध्याकाळी प्राचार्यांच्या दोन्ही मुलांनी मार खाल्ला आणि सरांचं त्या घरचं चहापाणी कायमचं संपलं. सरांना याचं भारी नवल वाटायचं. "मी त कौतुक केलतं बे," म्हणायचे.

हे सगळं नव्वदच्या दशकातलं, वर्ध्याचं. मी रोज सेलूहून एसटीनं कॉलेजात यायचो. बी.एस्सी.ला होतो, कारण बारावीला मार्क बरे पडले होते आणि बरे मार्क पडलेल्या मुलानं सायन्सलाच जायचं असतं. सेलूला आमचं कापडाचं दुकान, त्याच्याच मागं घर. बाबांनी माझं पुढचं सगळं मांडून ठेवलं होतं: बी.एस्सी. झाली की लॅबचा कोर्स, मग सावंगीला दवाखान्यात रक्त-लघवी तपासायची नोकरी. "पांढरा कोट घालजो. सकाळी जाजो, संध्याकाळी घरी येजो," असं ते म्हणायचे. यात 'संध्याकाळी घरी' या शब्दांवर ते जरा जास्त जोर देत, पण तेव्हा माझं तिकडे लक्ष गेलं नाही.

सर दिसायला उंच, काटकुळे. शर्टाच्या खिशाला दोन पेनं आणि एक चिमटा. प्राण्यांना ते अहो-जाहो करत आणि आम्हाला 'अबे'. "हे पावसात बाहेर येते, कारण ह्यायच्या बिळात पाणी शिरते," हे गांडुळाबद्दल. "अबे, तू काऊन बाहेर चालला?" हे माझ्याबद्दल. प्राणी शिकवण्याआधी ते त्याचं घर शिकवत. बीळ, घरटं, वारूळ, झाडाची ढोली. "जनावर लाजाळू राहते, पळून जाते," म्हणत. "घर कुठं पळते? आधी घर पाह्य."

एकदा आमची सहल बोर धरणाच्या जंगलात गेली. सगळ्यांना वाघ पाहायचा होता. सरांनी आम्हाला एका बिळासमोर पोटावर झोपवलं, एक तासभर. बिळाच्या तोंडाशी हाडं पडलेली. आमच्यातला एक किंचाळला, "सर, वाघाची गुहा!" सरांनी एक हाड उचलून त्याच्या नाकासमोर धरलं. त्यावर बारीक, समांतर खाचा होत्या. "वाघ असं कुरतडत बसते काय बे, भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्यासारखं? ह्या साळिंदरबाई आहे. हाडावर दात घासते." साळिंदरबाई शेवटपर्यंत बाहेर आल्या नाहीत. पण परत येताना मला त्यांची पाठ, चाल, स्वभाव, सगळं पाठ झालं होतं. वाघ पाहिला असता तर एवढा लक्षात राहिला नसता.

आता मुख्य गुन्ह्याकडे येतो.

प्रॅक्टिकलची जर्नल्स हा सायन्सच्या पोरांचा मोठा छळ. बेडकाचं पोट, झुरळाचं तोंड, सशाची कवटी, सगळ्याची आकृती काढायची, भागांना नावं द्यायची, सरांची सही घ्यायची. सही नाही तर परीक्षेला बसता येत नाही. ज्याचा हात चांगला त्याच्याकडे बाकीचे रांग लावत. माझा हात चांगला होता. जर्नलामागं दोन प्लेट तर्री-पोह्यांच्या बोलीवर मी त्या वर्षी स्वतःचं धरून अठरा जर्नल्स काढली आणि तर्रीच्या तिखट रश्श्यानं पोट कायमचं बिघडवून घेतलं.

पुस्तक लायब्ररीत एकच आणि ते कुणीतरी दाबून ठेवलेलं. म्हणून सशाची कवटी मी लॅबमधल्या खऱ्या कवटीवरून काढली. ती कवटी काचेच्या कपाटात होती, जुनी, पिवळी. जबड्याच्या मागच्या बाजूनं एक बारीकसं, वळलेलं, काळपट हाड जात होतं. मी ते इमानानं काढलं. छान सावली दिली. आता आकृतीत भाग आहे म्हणजे त्याला नाव हवं. मला नाव माहीत नव्हतं. पण बाकीचे डोक्यावर बसलेले. मी लॅटिन वाटेल असं एक भारदस्त नाव बनवलं आणि अठरा जर्नलांत सुबक अक्षरात लिहून टाकलं. सरांकडे गठ्ठा गेला, सरांनी न पाहता सह्या ठोकल्या. सगळं जग वाचणारा हा माणूस जर्नल मात्र कधी वाचत नसे.

परीक्षेला नागपूरहून बाहेरचे परीक्षक आले. पहिल्याच मुलाचं जर्नल उघडलं आणि त्यांचं बोट त्या हाडावर थांबलं.

"हे काय?"

मुलानं नाव सांगितलं. खणखणीत.

दुसऱ्याचं जर्नल. तेच हाड, तेच नाव. पाचव्याला त्यांनी जरा खाकरून विचारलं, "याचं कार्य काय?"

त्या पोराला काही येत नव्हतं, पण बोलायची तयारी दांडगी. म्हणाला, "सर, जबडा धरून ठेवते."

"बरोबर," परीक्षक म्हणाले, आणि मार्क दिले.

सर त्यांच्या शेजारी बसले होते. चेहरा दगडासारखा, फक्त खिशातला चिमटा किंचित हलत होता. मी मागच्या टेबलावरून पाहत होतो आणि काहीतरी भयंकर घडलंय एवढंच मला कळत होतं.

परीक्षक जेवायला गेले तसे सरांनी मला लॅबमध्ये ओढलं. कपाट उघडलं, कवटी माझ्या हातात दिली. "वाजव."

मी नखानं ते हाड वाजवलं. किणकिणलं.

"तांब्याची तार आहे ते," सर म्हणाले. "जबडा निखळला होता, मी बांधला. वीस वर्षं झाले. काळी पडली. आतापर्यंत एकाही पोट्ट्यानं पाह्यली नाई, सगळे पुस्तकातून काढते."

वर्ष गेलं, बाबांना काय सांगायचं, सावंगीचा पांढरा कोट, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. "सर, चूक झाली," एवढंच तोंडातून निघालं.

"चूक कशाची? पाह्यलं तू बरोबर. पण सायन्सवाला असता तर म्हणला असता, ही तार आहे. तू तिले हाड बनवलं. वरून नागपूरच्या माणसाले पटवून देल्लं." ते माझ्याकडे असे पाहत होते, जणू एखादा नवा प्राणी त्यांना बिळाबाहेर सापडलाय. "अबे, तू इथं काय करून राह्यला?"



परीक्षक जेवून आले तेव्हा सरांनी स्वतःच त्यांना सगळं सांगितलं आणि "सही माझी आहे, चूकही माझी," म्हणून मोकळे झाले. परीक्षक आधी लाल झाले, मग इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. शिक्षा म्हणून ते हाड सगळ्या जर्नलांतून काढायचं ठरलं. सर आणि मी लॅबमध्ये समोरासमोर बसलो, दाढीचं अर्धं-अर्धं ब्लेड घेऊन. नऊ त्यांनी खरवडली, नऊ मी. खरवडता खरवडता म्हणाले, "जर्नलात खोटं नाई करायचं. खोटं करायचंच आहे त अशा जागी कर, जिथं लोकं तिकीट काढून पाह्यले येते."

मला वाटलं, टोमणा आहे. पण आठवड्यानं त्यांनी माझ्यासमोर वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलं. दूरच्या शहरातल्या एका संस्थेत चित्रपटाच्या कलादिग्दर्शनाची पदवी निघाली होती. सिनेमातली घरं, दुकानं, गल्ल्या उभारायचं शिक्षण. फॉर्मसोबत एक चित्र पाठवायचं होतं: कुणीतरी राहतं-वावरतं अशी एखादी जागा काढा, पण माणूस दाखवू नका. नुसत्या जागेवरून माणूस कळला पाहिजे.

ते वाचून सर लहान मुलासारखे खुलले. "आपलाच अभ्यासक्रम आहे ना बे हा! प्राणी यायच्या आधी त्यायचं बीळ तयार करायचं!"

सिनेमात दिसणारी भिंत कुणीतरी बांधलेली असते हे तोवर मला कधी सुचलं नव्हतं. त्या दुपारी वर्ध्याहून सेलूपर्यंत एसटीच्या खिडकीतून मी प्रत्येक घर, प्रत्येक टपरी बघत आलो आणि मनातल्या मनात सगळी पाडून पुन्हा बांधली. मला ते हवं होतं. आजवर दुसरं काही इतकं हवं वाटलेलं आठवत नाही.

फॉर्मवर पालकाची सही लागत होती. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे मांडववाला?"

"नाही बाबा, सिनेमासाठी..."

"मांडव बांधाले शिकासाठी कालेजात कोण जाते? आपल्या सेलूत दोघं बांधते. दोघंही चौथी पास." आणि मग तेच. सावंगी, पांढरा कोट, संध्याकाळी घरी.

मी सरांना गळ घातली की तुम्ही येऊन समजावा. मे महिना होता, डोकं तापून फुटावं असं ऊन. सर ओला पंचा डोक्यावर टाकून एसटीनं सेलूला आले. मी आधीच विनवलं होतं, "सर, कृपा करून आमच्या घराबद्दल काही बोलू नका."

सर दुकानाच्या पायरीवर नेहमीसारखे थबकले. बघत राहिले. मग आत येऊन गादीवर बसले. माझ्या भवितव्याचं भाषण आता सुरू होणार म्हणून मी सावरून बसलो. सर म्हणाले, "पँटपीस दाखवा. राखाडी."

बाबा उठले, फडताळाकडे गेले, हातानं एक ठाण चाचपलं आणि सरांसमोर फेकून उलगडलं. ते राखाडी नव्हतं. मेंदीच्या पाल्यासारखं हिरवंगार होतं. मी मनात बाबांना सलाम ठोकला. पडून राहिलेला माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा तर असा, डोळ्याची पापणी न हलवता! दुकानदाराच्या पोराला बापाचा अभिमान वाटायच्या जागा ठरलेल्या असतात.

सर त्या हिरव्याकडे पाहत होते. मग बाबांकडे. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या घरात बसून त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"छान आहे," ते शेवटी म्हणाले. "हाच द्या." पाणी प्यायले, पुडकं काखेत मारलं आणि उठले. माझ्याबद्दल एक अक्षर नाही!

बस स्टँडपर्यंत मी त्यांच्याशी भांडत गेलो. सर ऐकून घेत होते. बसच्या पायरीवर चढता चढता म्हणाले, "तुले चित्र काढायचं आहे ना? दुकान काढ. आठ दिवस तिथंच बसून काढ. येकही गोष्ट मनची टाकू नको."

रागात का होईना, मी बसलो. पहिल्या दिवशी फडताळं काढली. दुसऱ्या दिवशी कातरायचं टेबल. टेबलावरचा बल्ब लांब वायरनं खाली आणलेला होता, पार कपाळाला लागेल इतका. काढला. कात्री सुतळीनं टेबलाच्या पायाला बांधलेली. काढली. गादीपासून फडताळापर्यंत जमिनीवर एकही खोका नव्हता, बाकी दुकानात पाय ठेवायला जागा नाही. तेही काढलं. चौथ्या दिवशी ठाणांचे कोपरे काढत होतो तेव्हा दिसलं की प्रत्येक कोपऱ्याला दोरा ओवलेला आहे आणि दोऱ्याला गाठी आहेत. काळ्याला एक गाठ. निळ्याला दोन. तपकिरीला तीन. राखाडीला एकही नाही. मेंदी रंगाच्या ठाणालाही गाठ नव्हती. ते नवीन आलेलं होतं.

माझी पेन्सिल तिथंच थांबली.

बाबा समोर एका बाईला ब्लाउजपीस दाखवत होते. बोटांनी गाठी मोजून.

मी आत स्वयंपाकघरात गेलो. आई पोळ्या लाटत होती. "आई, बाबाले दिसत नाई?"

तिनं पोळी उलटली. "झाले आठ-दहा महिने. मोतीबिंदू असन. गाठी मीच बांधून देतो. तुले सांगाचं नाई म्हणून शपथ घातली मले. त्यायच्या मावसभावाचा डोळा ऑपरेशनातच गेलता, तवापासून भेव बसलं."

साळिंदराला हाडावरच्या खाचेवरून ओळखायला शिकलेला मी. आठ-दहा महिने त्याच घरात जेवत होतो.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याला जाऊन सरांसमोर कात्रण ठेवलं. "मी जात नाही सर. बाबांना माझी गरज आहे. सावंगीलाच लागतो."

सर कधी चिडत नसत. त्या दिवशी चिडले. "तुझ्या बाबाच्या डोळ्याले ऑपरेशन लागते बे! पोरगं नाई लागत! तू घरी बसून काय करशील? गाठी बांधशील?"

"तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं. मला का नाही सांगितलं?"

ते खिशातला चिमटा काढून उगाच उघडमीट करत राहिले. "पोराच्या समोर बापाचं असं कसं सांगायचं?" म्हणाले. "मले नाई जमलं."

मी घरी येऊन बाबांसमोर बसलो. "बाबा, मी गाठी मोजल्या."

त्यांनी समोरचं कापड ओढून घेतलं. मग, "मास्तरनं सांगतलं?"

"नाही. चित्र काढताना दिसलं."

"हं." त्यांनी हातातलं कापड घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं. "हाये तेवढं तरी दिसून राह्यलं. तेही गेलं त?" आवाज असा, की ते माझ्याहून लहान वाटले. "तू सावंगीले लागला असता त रोज संध्याकाळी घरी त असता."

आतून आई पदराला हात पुशीत आली. "उद्या सकाळच्या बसनं सावंगीले जाऊ डोळे दाखवाले," ती म्हणाली. "आता मी येकही गाठ बांधत नाई." आणि तिनं टेबलावरचं दोऱ्याचं रीळ उचलून कमरेला खोचलं. माझ्या सिनेमाच्या सगळ्या शिक्षणात इतका परिणामकारक संवाद मी पुढे ऐकला नाही.

ऑपरेशन झालं. एका डोळ्याचं आधी. पट्टी निघाली, काळा चष्मा निघाला, नंबराचा चष्मा आला. फॉर्मची मुदत संपायला चार दिवस होते. सरांना कसं कळलं कोण जाणे, ते पुन्हा सेलूला आले, आणि येताना त्याच हिरव्या कापडाची पँट शिवून घालून आले.

बाबांनी चष्मा सावरून त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. पायांपाशी थांबले. "हा रंग... मी देल्ला तुमाले?"

"मीच निवडला," सर म्हणाले.

"राखाडी मांगतला होता तुमी."

"घरी गेल्यावर मन बदललं."

बाबा हसायला लागले. सेलूच्या बाजारात ऐकू जाईल असं हसले. मग मला म्हणाले, "आण तुझं ते चित्र."

मी दुकानाचं चित्र त्यांच्या पुढ्यात पसरलं. ते ओणवे होऊन पाहू लागले. बल्ब पाहिला, कात्रीची सुतळी पाहिली. एकेका ठाणावरून बोट फिरवत गेले, पण या वेळी कागदावर चाचपायला काही नव्हतं, नुसतं पाहायचं होतं. गाठींशी आल्यावर त्यांनी आत आईकडे एक नजर टाकली.

"यात मी कुठं आहो?" त्यांनी विचारलं.

"माणूस काढायचा नाही, असा नियम आहे."

"मंग लोकायले कसं समजन, दुकान कोनाचं हाये ते?"

मी सरांकडे पाहिलं. सर छताकडे पाहत होते. "समजते," एवढंच म्हणाले.

बाबा अजून थोडा वेळ चित्रावर होते. मग त्यांनी ते अलगद बाजूला केलं. "मांडव बांधशील त पक्का बांधजो," म्हणाले, आणि हात पुढे केला. मी फॉर्म दिला. पेन सरांनी स्वतःच्या खिशातलं काढून दिलं आणि इतकी वर्षं पोरांच्या बापांच्या सह्या घेतल्याच्या सवयीनं वाकून फॉर्मच्या तळाशी, पालकाच्या सहीच्या रेघेवर, बोट ठेवलं. "इथं."

बाबांनी पेन हवेतच थांबवलं.

"मास्तर," ते म्हणाले, "बोट काढा. रेघ दिसून राह्यली मले."